अण्णाजींना कोरं एडिटर हवं होतं

पुण्यात नोकरीला असताना मी दोन शहाण्या माणसांना, कोड कशात लिहावा एवढ्या विषयावरून, एकमेकांशी बोलणं बंद करताना पाहिलं होतं. एक म्हणायचा साधं टेक्स्ट एडिटर, दुसरा म्हणायचा आयडीई. दोघांची टेबलं लागून होती आणि पंखा बंद कर हेसुद्धा ते एकमेकांना ईमेलवर सांगायचे. तेव्हा मी मनात म्हटलं होतं, ही पोटभर जेवलेल्यांची भांडणं आहेत, आमच्या वर्ध्याकडे माणसांना कामं असतात. ते म्हणणं मी आता मागे घेते.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. टेक्स्ट एडिटर म्हणजे कोरा कागद. तुम्ही बरोबर लिहा, चूक लिहा, तो ब्र काढत नाही. आयडीई म्हणजे शिकलेला आगाऊ पाहुणा. तुम्ही पहिलं अक्षर टाकलं की पुढचा शब्द तो सुचवणार, कंस उघडला की आपणच बंद करणार, चुकलात की खाली लाल रेघ ओढणार. मला स्वतःला आयडीईच आवडतं, कारण मी आळशी आहे आणि ते मी लपवत नाही.

पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळाली तशी मी नालवाडीला परत आले. दर रविवारी आमच्या समोरच्या खोलीत मुलांना कोडिंग शिकवते. खुर्च्या विहारातल्या, पंखा आमचा आणि देखरेख माझ्या बाबांची. बाबा म्हणजे हरिदास, निवृत्त तलाठी. कोणी उशिरा आलं तर ते अजून त्याच्याकडे सातबाऱ्यात खाडाखोड सापडल्यासारखं बघतात.

एका रविवारी अण्णाजी आले. पलीकडच्या गल्लीतले, हिंगणीला जन्मभर शेती करून थकल्यावर नालवाडीत घर बांधून राहिलेले. त्यांच्या मागे त्यांच्या घरच्या, मनकर्णाबाई.

"मले..." अण्णाजी म्हणाले.

"त्याइले कम्प्युटर शिकाचा हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"कारण का..."

"घरी बसून कंटाळले ते. न् फी आमी देनार नाई, तू आमच्या कैलासच्या वर्गातली हायस."

अण्णाजींनी मान डोलावली. बाईंनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, हे त्या मानेवरून कळत होतं. त्यात त्यांना काडीचा आनंद नव्हता हेही कळत होतं.

पुढच्या रविवारी ते एकटेच आले, कारण बाईंच्या बचत गटाची बैठक होती. मी त्यांना माझ्या आयडीईसमोर बसवलं आणि मराठी कीबोर्ड लावून दिला. त्यांनी एका बोटाने कंस उघडला. बंद करणारा कंस लगेच शेजारी येऊन उभा राहिला. मग त्यांनी एक अक्षर टाकलं, तर खाली शब्दांची यादी लोंबली. अण्णाजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"हे बी?" ते म्हणाले.

"काय झालं, काकाजी?"

ते थोडं थांबले, सवयीने. पुढचं कोणीच बोललं नाही तेव्हा त्यांना स्वतःलाच बोलावं लागलं.

"पोरी, लगन झाल्यापासून माहं एक बी वाक्य मी पुरं केलं नाई. एसटीत 'दोन' म्हनलं का 'हिंगणी' ती म्हनते. सेवाग्रामले दवाखान्यात गेलतो. डॉक्टर म्हने कुठं दुखते. मी म्हनलं, 'इथं'. ती म्हने, 'इथं नाई, पाठीत, न् झोपल्यावर जास्त.'"

"मग, चुकीचं सांगितलं का त्यांनी?"

"बराबर सांगतलं. तेच तं दुखनं हाय. चुकली असती तं भांडलो असतो. बराबर बोलनाऱ्या मानसाशी भांडन कसं कराचं?"

अण्णाजींनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज खाली केला.

"एकच डाव चुकली. नवीन लगन होतं. बैलबंडीवर बसून वावरात चाललो होतो. मी म्हनलं, 'आपुन बोर धरणावर...' ती म्हने, 'म्हशी नेल्या तं चौकीदार दंड करते.' मी म्हनलं, हो."

"आणि तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"म्हशीचं नव्हतं," अण्णाजी म्हणाले. "मले ते वाक्य पुरं कराचं हाय, जागृती. तिच्यासमोर. मशीन एकदा चालू केली का शेवटपर्यंत बोलते म्हनते. तिले मधात कोनी टोकू शकत नाई. म्हनून आलो."

"कागदावर लिहून द्या ना काकूंना. त्याला कोडिंग कशाला पाहिजे?"

"दोन शब्द वाचले का तिसरा तीच सांगते. मंग कागद खाली ठेवते न् कामाले लागते."

मला त्यांचं फार वाईट वाटलं आणि मनकर्णाबाईंचा मनापासून राग आला. मी आयडीई बंद केलं आणि त्यांना साधं टेक्स्ट एडिटर उघडून दिलं. पांढरी पाटी, त्यावर एक उभी रेघ लुकलुकत. अण्णाजींनी कंस उघडला. काहीच झालं नाही. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"खुल्ला हाय," ते म्हणाले.

"तुम्ही बंद करेपर्यंत खुलाच राहील."

"न् आज केलाच नाई तं?"

"उद्या करा."

असं सुख मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी दुसरं काहीच लिहिलं नाही, नुसते उघड्या कंसाकडे बघत बसले. बाबांनी त्यांना चहा दिला तेव्हा त्यांनी कपही अर्धाच ठेवला.

ही बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी मनकर्णाबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या, आणि अण्णाजींच्या उजव्या खांद्याशी बसल्या. त्यांना कोडचा गंध नव्हता, पण अण्णाजींचा होता. अण्णाजींनी बोट उचललं की ते कोणत्या अक्षरावर पडणार हे त्या आधीच बोलायच्या. प्रोग्राम अडला आणि मी कारण शोधायला लागले, तर त्या म्हणाल्या, "काईतरी उघडं ठेवलं असन. नळ बी तसाच ठेवतेत, फाटक बी." बघितलं तर कंस उघडा होता. कारण चूक कोडमध्ये नव्हतीच, ती अण्णाजींमध्ये होती, आणि तो भाग बाईंना पाठ होता. माझं कोरं एडिटर त्यांनी बसल्या जागी आयडीई करून टाकलं.

अण्णाजी पुन्हा गप्प झाले. पण शेतकरी माणूस, इतक्या लवकर खळ्यातली मेढी उपटून घरी जाणारा नव्हे.

त्या दिवशी मी शिकवत होते की कोडमध्ये कोणतीही गोष्ट ठेवायला एक डबा लागतो आणि डब्याला आपल्याला हवं ते नाव देता येतं, अगदी मराठीतसुद्धा. साखर म्हणा, मीठ म्हणा. अण्णाजींनी बराच विचार केला. मग पहिला डबा केला आणि त्याला नाव दिलं अण्णाजी.

मनकर्णाबाईंनी तोंड उघडलं. मग मिटलं.

त्यांच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मनकर्णाबाई तर त्यातही कडक. घरी 'कैलासचे बाबा', बाहेर 'ते'. रेशनच्या ऑफिसात नाव विचारलं तर शेजारच्या माणसाला पुढे करायच्या. गल्लीतल्या दुसऱ्या एका अण्णांनाही त्या 'कोपऱ्यावरचे' म्हणायच्या, उगाच जवळून जायला नको म्हणून. आता समोर एकेक अक्षराने नवऱ्याचं नाव उमटत होतं, आणि पुढचं ठाऊक असून बोलता येईना. तोंडात गरम बटाटा धरल्यासारख्या त्या बसून राहिल्या. आमच्या खोलीत पंख्याचा आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णाजींना युक्ती सापडली होती. त्यांनी सगळ्याच डब्यांना आपलं नाव दिलं. अण्णाजी, अण्णाजी_मोठे, अण्णाजी_उन्हातले, अण्णाजी_चष्म्यावाले. कोणत्या अण्णाजीत काय ठेवलंय हे खुद्द अण्णाजींना सांगता येईना. पुण्यात कोणी असा कोड लिहिला असता तर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते. इथे मी गप्प राहिले, कारण म्हातारा माणूस हसत होता.

नालवाडीत मात्र याची चर्चा झाली. पानठेल्यावर दोन पक्ष पडले. काही जण म्हणाले, माणसाला त्याचं बोलणं पुरं करू द्यावं. काही म्हणाले, वेळ कोणाकडे आहे. ज्यांनी जन्मात कम्प्युटर हाताळला नव्हता तेही छातीठोक सांगायला लागले की आपण टेक्स्ट एडिटरवाले. समोरच्या घरातली सपना दोन मुलांना घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, पुरं करनारं मले नाई पाहिजे. आमच्या घरी तं सुरुवातच होत नाई. ते सुरू करनारं काई येते का?" मी म्हटलं, अजून निघालं नाही. तिला खरंच वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात मनकर्णाबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"ते दुसरं मशीन लावून दे त्याइले."

"कोणतं, काकू?"

"जे पुढचं बोलते ते. हे कोरं मले नाई पाहिजे. आज सांगून ठेवतो, ते कोरं चालू राह्यलं तं मी चाललो पुन्याले, कैलासकडं. राहा म्हना एकटे, न् खा म्हना कोरं."

"पण त्यांना स्वतः बोलायचं आहे, काकू. तुम्ही काऊन अडवून राह्यल्या?"

"स्वतः?" त्या पायरीवर बसल्या. "त्याइले सवय नाई, बाई. अर्धं बोलले का त्याइचा दम भरते. मले तिथं बोलता येत नाई, नाव येते मधात. तं निदान मशीनीनं तरी सांभाळावं. एकटे कसे जातीन शेवटपर्यंत?"

माझा राग तिथेच निम्मा झाला. उरलेला निम्मा कैलासच्या फोनने गेला.

"जागृती, आयडीई लाव, हात जोडतो," तो पुण्याहून म्हणाला. "मागच्या वेळी आई आली तेव्हा माझ्या मीटिंगमध्ये मागं बसली होती. माझ्या मॅनेजरचं वाक्य पुरं केलं तिनं."

"चुकीचं?"

"बराबर. तो तीन महिन्यांनी सांगणार होता ते."

शेवटी रविवारी बाबांनी मुलांना सुट्टी दिली आणि बैठक बोलावली. दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, स्वतः मधल्या टेबलाशी बसले आणि फेरफाराची सुनावणी असल्यासारखं विचारलं, "दोन्ही पक्ष हजर हायेत का?"

दोन्ही पक्ष हजर होते. मनकर्णाबाईंनी पायाशी पिशवी ठेवली होती, पुण्याला जायची. अण्णाजींनी पिशवीकडे पाहिलं.

"मी म्हनतो का..." ते म्हणाले.

मनकर्णाबाई रुसल्या होत्या, बोलल्या नाहीत. बाबा थांबले. मी थांबले. अण्णाजींची मान खाली गेली.

"...लावून टाका," ते म्हणाले.

जाहीर सभेत त्यांचं पुरं झालेलं ते पहिलं वाक्य, आणि तेही हार मानल्याचं. मला रडूच आलं. बोर धरणाचं ते वाक्य त्यांनी एका पिशवीसाठी सोडून दिलं होतं, आणि सोडताना कुरकुरही केली नाही.

मी आयडीई उघडलं. अण्णाजींचा प्रोग्राम त्यात घातला. "लिहा, काकाजी," मी म्हटलं. मनकर्णाबाई समाधानाने पुढे सरकल्या. अण्णाजींनी बोट उचललं आणि एक अक्षर टाकलं. अ.

यादी लोंबली. अण्णाजी. अण्णाजी_मोठे. अण्णाजी_उन्हातले. अण्णाजी_चष्म्यावाले.

ही यादी मनकर्णाबाईही वाचणार, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या.

"हे कोन होय?"

"आयडीई आहे, काकू. तुम्हीच म्हणालात ना."

"त्याइचं नाव घेऊन राह्यली ते. एका अक्षरावर?"

"तिला सवय आहे तशी."

"न् चार-चार डाव? माह्या समोर? मी इतकं वर्ष नाई घेतलं, न् हे कालची आलेली पहिल्याच अक्षराले घेते? न् म्हने उन्हातले? हिले काय मालूम ते उन्हात कसे दिसतेत?"

"काकू, ते सॉफ्टवेअर आहे. बाई नाही."

"बाई असो का बुवा, काढ."

मी काढलं. अशा प्रसंगी वाद घालू नये एवढं मला पुण्यात शिकायला मिळालं होतं. पडद्यावर पुन्हा कोरं एडिटर आलं. बाबांनी टेबलावर बोटं वाजवली आणि मुद्द्याचं विचारलं.

"मंग आता पुढचं पुरं कोन करन? तुमाले नाव घेता येत नाई, न् मशीनले घेऊ देत नाई."

मनकर्णाबाईंनी विचार केला. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की हा विचार त्यांना आवडत नाहीये.

"कोनीच नाई," त्या म्हणाल्या. "लिहू द्या त्याइले. मी बसतो." आणि त्यांनी पदराचं टोक दातात धरलं.

अण्णाजी खुर्चीत सरळ झाले. त्यांनी शेवटचा डबा केला, अण्णाजी_धाकटे. अवतरणचिन्ह उघडलं. मग एक-एक अक्षर करत लिहिलं. आपुन. आम्ही बघत होतो. बोर. बाबा उभे राहिले. धरणावर.

आणि बोट थांबलं.

रेघ लुकलुकत राहिली. चिन्ह उघडं होतं, कोणी बंद करत नव्हतं. अण्णाजींनी बोट खाली नेलं, परत वर घेतलं. कपाळावर घाम आला.

"आठवत नाही का?" मी हळूच विचारलं.

"आठवन कसं?" ते म्हणाले. "मी त्याच्यापुढं कधी गेलोच नाई. मले वाटे कोरी जागा भेटली का आपोआप येईन. पन पुढचं नेहमी तिच्याकडंच राह्यते."

आम्ही सगळ्यांनी मनकर्णाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पडद्यावरचे तीन शब्द वाचले. त्यांना म्हशी आठवल्या हे मी शपथेवर सांगू शकते. ओठ तसे जुळलेही. मग त्यांनी पदर दातातून काढला आणि जे त्यांनी लग्नापासून एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं.

"पुढं काय?"

अण्णाजींनी त्यांच्याकडे तोंड केलं. कीबोर्ड मागे राहिला. सपनाचा धाकटा दारात येऊन उभा राहिला होता, त्याला बाबांनी नजरेनेच गप्प केलं. माझ्या स्वतःच्या जिभेवर चार वेगवेगळे शेवट येऊन बसले होते आणि मी ते गिळत होते. दुसऱ्याचं वाक्य तसंच राहू देणं किती कठीण आहे ते मला तेव्हा समजलं.

"जाऊ," अण्णाजी म्हणाले.

"कायले?"

"असंच. पानी पाहाले. तू न् मी."

"न् म्हशी?"

"म्हशी नाई."

मनकर्णाबाई खाली बसल्या. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिचे बंद उगाच सोडले, उगाच बांधले.

"मंग तवाच काऊन नाई म्हनलं?"

"तू बराबर होतीस ना. दंड होताच."

"मले इचारता आलं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मले वाटे, तुमाले बोलाचा तरास होते. म्हनून मी घाई करत होतो. मी म्हनलं, तेवढंच त्याइचं ओझं कमी."

अण्णाजी कीबोर्डकडे वळले. त्यांनी शेवटचा शब्द लिहिला, चिन्ह बंद केलं, कंस बंद केला. प्रोग्राम चालवला तर पहिल्याच ओळीत चूक निघाली. ती कोणी पाहिली नाही, मीही नाही.

पुढच्या रविवारी आम्ही बोर धरणाला निघालो, हिंगणीपर्यंत एसटीने. मास्तरीण पाहिजे म्हणून मी, आणि सुनावणी त्यांनीच घेतली होती म्हणून बाबा. बस वर्ध्याच्या स्टँडवर गच्च भरलेली, ऊन चढलेलं, माणसं उभी. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन आमच्या सीटपाशी आला.

"दोन..." अण्णाजी म्हणाले.

मनकर्णाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मुद्दाम बघत होत्या, मान अवघडली होती त्यांची.

"दोन कुठले, काकाजी?"

"हिं..." अण्णाजींनी श्वास घेतला.

"अहो हिंगणी द्या त्याइले," मागून एक माणूस म्हणाला. "सोडा गाडी, लय गरम होऊन राह्यलं."

मनकर्णाबाई वळल्या. सीटची दांडी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या माणसाकडे असं बघितलं की त्याने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेला घेतलं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "अण्णाजीचं बोलनं अजून संपलं नाई."

बसमधल्या कोणाला त्यात काही विशेष वाटलं नाही. बाबांनी माझा हात घट्ट धरला. अण्णाजी बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि हिंगणी त्यांच्या डोक्यातून पार निघून गेलं. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून उभा राहिला. आम्ही सगळे त्या उन्हात थांबलो, कोणीही पुढचा शब्द बोललं नाही.